मुलगा वाचायला लागलाय? वेळीच आवरा!

आठवीतला मुलगा जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडून बसू लागला, आमटी गार झाली तरी त्याचं लक्ष नाही, की समजावं, पाणी डोक्यावरून चाललंय. उपाय आहेत, पण ते वेळेवर करायला हवेत.

लहान असताना त्याला तुम्हीच गोष्टी वाचून दाखवत होतात. झालं ते झालं. आता ते साफ बंद करा. ‘एवढा घोडा झालास, स्वतःचं स्वतः वाच की!’ या एका वाक्यात निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं वहीने होतं. दोनशे पानी आणा. पुस्तक संपलं रे संपलं, की त्यात लेखकाचं नाव, मध्यवर्ती कल्पना, दहा कठीण शब्द अर्थांसह आणि शेवटी बोध. बोध सोडायचा नाही. माझ्या ताईने तेरा वर्षांच्या लेकीवर हा प्रयोग केला. पोरगी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचत होती, एकटीच हसत होती, मधूनच ‘ट्टॉक’ करत होती. ताईने लगेच वही पुढे सरकवली. भाचीने पेन चावत पंधरा मिनिटं काढली आणि लिहिलं, ‘बोध : सायकल जोरात चालवावी.’ ताईने ते खोडायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिथे ‘संकटात धैर्य सोडू नये’ असं सुवाच्य अक्षरात आलं. त्या मालिकेतलं पुढचं पुस्तक अजून कपाटात आहे, कोरं करकरीत.

पुस्तकं निवडायची ती तुम्हीच. त्याला भुताखेतांचं हवं असेल तर व्यक्तिमत्त्व विकासाचं द्या. कॉमिक हातात दिसलं की ‘हे काय वाचन आहे का?’ असं विचारा. वाचनालयातून आणलेलं पुस्तक आवडलं नाही म्हणून परत करू देऊ नका. वर्गणी भरलीय, संपवलंच पाहिजे! आजोबांवरही लक्ष ठेवा. गणिताच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा लपवून आपण कशी वाचायचो, हे नातवाला रंगवून सांगायची त्यांना भारी हौस. (वर ते बँकेत मॅनेजर होऊन निवृत्त झाले, म्हणजे उदाहरण म्हणूनही वाईटच.)

बाहेरचे धोके वेगळे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मोबाइल त्याच्या हातात असतोच, तेव्हा ही बातमी त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नका. महाबळेश्वरला निघालात, तर पाचगणीनंतर भिलारची पाटी दिसेल. गाडीचा वेग वाढवा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथे लोकांनी राहत्या घरांत पुस्तकं ठेवलीत आणि कुणीही आत जाऊन वाचत बसावं, बोध कुणी विचारत नाही. तुम्ही आपली पुढे जाऊन स्ट्रॉबेरी विथ क्रीम घ्या.

वर्षातून एक दिवस मात्र सूट. 15 ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी त्याला इस्त्रीचा शर्ट घालून, जाड पुस्तक हातात देऊन उभा करा, फोटो काढा आणि स्टेटसला टाका. पुस्तक लगेच परत जागेवर.

आणि घरातले जुने दिवाळी अंक रद्दीत घाला, असं मी सांगणारच होतो. पण इथे आमचाच घात झाला. परवा कोपऱ्यावरच्या गाडीवरची भेळ संपवून चिरंजीव कागद चाटत होते. चाटता चाटता थांबले. कागद सरळ केला, चिंचेच्या चटणीचा डाग बोटाने पुसला आणि दिव्याखाली जाऊन उभे राहिले. दिवाळी अंकातल्या कुठल्याशा कथेचं पान होतं. वाड्याचं दार आतून बंद, आत कुणीतरी खोकतंय, आणि पान संपलं. पोरगा वळला आणि भेळवाल्याला म्हणाला, ‘काका, अजून एक द्या. पण याच अंकाच्या पुढच्या पानात.’ भेळवाला काकाही असा वाह्यात, की गिऱ्हाइकं खोळंबली असताना गठ्ठा उपसून पान शोधू लागला.

छापील कागदाची शाई पोटात जाते, हे कारण आयतंच आहे. मी उद्याच त्याला सांगतोय, आमच्या मुलाला भेळ डिशमध्येच देत जा.