‘बुकिंगला एक भाव, डिलिव्हरीला दुसरा’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार शेठ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने वाचून दाखवला. ‘गाडीचे फेब्रुवारीत ७२ लाख सांगितले, ऑगस्टमध्ये साडेचौऱ्याहत्तर घेतले. डॉलर होता तिथेच आहे. कुडाळात बसून गंडवतात.’ वर एक स्टार.

आधी आमची चूक. १ जूनपासून भाव वाढणार हे कंपनीचं पत्रक आमच्याकडे मेअखेर आलं, तेव्हाच तुम्हाला फोन जायला हवा होता. २०२५ ला पाऊस २५ मेलाच येऊन धडकला, चार दिवस ऑफिसात लाईट नव्हती, आणि फोन राहून गेला. तुम्हाला थेट डिलिव्हरीच्या आठवड्यात कळलं. त्याबद्दल माफी.

पण ‘गंडवतात’ हा शब्द लागला.

डॉलरचं तुमचं बरोबर आहे. फेब्रुवारीत तो ८७ च्या आसपास होता, ऑगस्टमध्येही तिथेच. आफ्रिकेतलं काजू बी तुम्ही डॉलरात घेता, तुमची नजर तिथेच असणार. ‘डॉलर थंयच आसा, मगे गाडी कशी वाढली?’ असं तुम्ही आमच्या पोरांसमोर टेबलावर हात आपटून विचारलंत. शेठ, तुमची गाडी जर्मनीची. तिचं बिल युरोत लागतं. फेब्रुवारीत युरो ९० रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टमध्ये शंभरच्या पुढे. या काळात डॉलरच युरोपुढे घसरला आणि आपला रुपया डॉलरच्या बोटाला धरून त्याच्याबरोबर खाली गेला. डॉलरकडे बघणाऱ्याला हे दिसतच नाही.

आणि नुसते दहा रुपये वाढून भागत नाही. समजा बंदरात गाडीची किंमत, भाडं आणि विमा धरून, ३० हजार युरो आहे. ९० च्या भावाने ते २७ लाख, शंभरने ३० लाख. यावर तेव्हा मूळ सीमाशुल्कच ७० टक्के होतं, मग त्या सगळ्यावर जीएसटी आणि सेस, म्हणजे उपकर. म्हणजे युरोमुळे एक लाख वाढला की कर धरून तो अडीच लाखांच्या घरात जायचा. शिवाय कस्टम्सवाले युरोचा भाव धरतात तो बिल ऑफ एंट्री (त्यांच्याकडे भरायचा आयातीचा कागद) भरल्या दिवसाचा. तुम्ही आमच्याकडे चहा पिऊन बुकिंग केलंत त्या दिवसाचा नव्हे. युरो दहा टक्क्यांहून जास्त चढला, तुमची गाडी वाढली साडेतीन टक्के. बाकीची झळ वरच्यांनी सोसली. मर्सिडीजनेही २०२५ मध्ये १ जून आणि १ सप्टेंबर असे दोन टप्पे करून भाव वाढवले, कारण युरोच.

वाढलेल्या अडीच लाखांतला एक रुपयाही कुडाळात राहिलेला नाही. आम्ही मुंबईच्या डीलरसाठी बुकिंग घेतो, आम्हाला गाडीमागे ठरलेली रक्कम मिळते. गाडी ७२ ला जावो नाहीतर ८० ला.

आणखी एक, लिहू नये असं वाटत होतं, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंत म्हणून. ८ फेब्रुवारीला तुम्ही पांढरी गाडी बुक केलीत. २० मार्चला वहिनींना निळा रंग आवडला म्हणून बदल सांगितलात. आम्ही एका शब्दाने नाही म्हटलं नाही. ती पांढरी गाडी मेच्या पहिल्या आठवड्यात आली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला जुन्याच भावात गेली. निळी पुढच्या जहाजाने आली. ‘डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू’ ही ओळ पावतीवर आहे, खाली तुमची सही आहे. अक्षर बारीक आहे, कबूल. ते मोठं करून घेतो, आणि फोनचंही काहीतरी बघतो.

चतुर्थीला गाडी दारात हवी, हे तुमचं म्हणणं होतं. २७ ऑगस्टच्या आधी ती तुमच्या दारात उभी होती. त्यासाठी आमचा मुलगा रात्रभर घाटात पावसात ट्रेलरबरोबर होता. रिव्ह्यूत त्याबद्दल काही आलं नाही.

अठरा वर्षं या धंद्यात आहे. सावंतवाडीपासून कणकवलीपर्यंत लोक विचारून मगच येतात, आणि हल्ली विचारतात ते इथेच, रिव्ह्यूत. मुंबईच्या डीलरचं बिल आणि ते पत्रक, दोन्ही काढून ठेवलीत. रविवार सोडून कधीही या. वहिनींनाही आणा, सीट कव्हरचं त्यांचं राहिलंय.