पावती आहे, पण कोरी

आज सकाळपासून डोकं फिरलंय. टपालात एक क्लेम फॉर्म आला. इथे अमेरिकेत एका गिफ्ट कार्ड कंपनीवर ग्राहकांनी मिळून क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकच दावा केला होता, तो आता मिटलाय, तुम्हीही पात्र असाल तर भरपाई मागा म्हणे. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच मलाच नोटीस यायची. खाली बारीक अक्षरात एक ओळ: कार्ड घेतल्याची पावती जोडा.

पावती आहे ना माझ्याकडे! ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती. काढून बघते तर पांढरीफटक. थर्मल कागद तो, तीन वर्षांत सगळी अक्षरं उडून गेली. खिडकीपाशी तिरकी धरली की एका कोपऱ्यात ५० असं काहीसं दिसतं, तेही मला ठाऊक आहे म्हणून.

लेक तिसरीत होती. वर्ष संपताना तिच्या बाईंना पन्नास डॉलरचं कार्ड दिलं होतं. वर सहा डॉलर ॲक्टिव्हेशन फी मी भरली. लेकीनं पाकिटावर स्वतः फुलपाखरू काढलं होतं. आठवड्याभरानं बाईंचा फोन. बिचाऱ्या इतक्या संकोचल्या होत्या, की आधी पाच मिनिटं लेकीचं कौतुकच करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कार्डात काहीच नाहीये. मी काउंटरवर दोनदा स्वाइप करून बघितलं." मागे रांग होती, त्यांनी सामान तिथेच ठेवलं आणि निघून आल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

हे कसं करतात माहितीये? चोर दुकानातल्या स्टँडवरून कार्ड उचलतो, पाकीट उघडतो, नंबर टिपतो, पाकीट पुन्हा चिकटवून जागच्या जागी ठेवतो. मग वाट बघत बसायचं. आपण काउंटरवर पैसे भरले, मशीन बीप वाजलं, कार्ड चालू झालं, की पुढच्या काही मिनिटांत पैसे तिसरीकडेच खर्च! सॅन फ्रान्सिस्कोचे सिटी अटर्नी, म्हणजे शहराचे सरकारी वकील, डेव्हिड चिऊ यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये इनकॉम कंपनीवर तिच्या व्हॅनिला कार्डांवरून दावा लावला, तो याच प्रकारासाठी. (माझं कार्ड त्यांचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.) आरोप असा, की पाकिटं तकलादू आहेत, हे कंपनीला ठाऊक आहे, आणि पैसे गेलेल्यांना परतावा मिळता मिळत नाही.

आता गंमत ऐका. हीच इनकॉम २००९ मध्ये ब्लॅकहॉक या दुसऱ्या कार्ड कंपनीला पेटंटवरून कोर्टात घेऊन गेली होती. २०१२ मध्ये ज्युरीनं कौलही तिच्या बाजूनं दिला. भांडण कशावरून? काउंटरवर कार्ड मंजूर आणि चालू करण्याच्या पद्धतीवरून! म्हणजे त्याच बीपवरून! त्याच्याही आधी १९९९ मध्ये दुकानातल्या मशीनवरून कार्ड चालू करण्याचं एक पेटंट निघालं होतं. ते अलेक्ससॅम नावाच्या कंपनीकडे होतं, आणि त्याच्या जोरावर त्यांनी किती दुकानांना आणि कार्ड कंपन्यांना कोर्टात खेचलं. ती बीप कोणाच्या मालकीची, यावर वर्षानुवर्षं वकील पोसायचे. पण बीप झाल्यावर माझे पन्नास डॉलर कुठे गेले? ते मात्र मी शोधायचं.

बरं, चोरी कंपनीनं केली नाही, मान्य. आणि एकट्यादुकट्या संशोधकाला पेटंट नसेल तर मोठे लोक त्याला गिळून टाकतील, तेही मान्य. झालं समाधान?

त्या दिवशी कस्टमर केअरला फोन लावला. पन्नास मिनिटं ती पिपाणी ऐकली. मग पलीकडची मुलगी मलाच विचारते, "कार्ड तुम्ही आधी कोणाला दाखवलं होतं का?" चोर सोडून संन्याशाला फाशी! मी तिच्यावर ओरडले. नको होतं ओरडायला. तिचा आवाज विशीतला वाटत होता, समोरच्या कागदावरचं वाचून दाखवत असणार. तिला तरी काय पगार मिळत असेल.

आणि माझं निदान भेटवस्तूवर निभावलं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये रशकार्ड या प्रीपेड कार्डाची यंत्रणा बदलताना हजारो लोकांना स्वतःचेच पैसे काढता येईनात. पगार त्या कार्डावर जमा होणारी माणसं ती. दुसरं बँक खातं असतं तर प्रीपेड कार्ड कशाला वापरलं असतं? २०१७ मध्ये सरकारी ग्राहक संरक्षण विभागानं, म्हणजे सीएफपीबीनं, ते कार्ड चालवणाऱ्या युनिरशला आणि मास्टरकार्डला मिळून १ कोटी ३० लाख डॉलर भरायला लावले. त्यातले एक कोटी ग्राहकांना. चांगलंच झालं. पण त्या महिन्याचं घरभाडं थकलं होतं त्यांचं काय?

बाईंना मी दुसऱ्या दिवशी पन्नास रोख द्यायला गेले. घेतले नाहीत त्यांनी. म्हणाल्या, "पाकीट ठेवलंय मी, फुलपाखरू छान आहे."

फॉर्मची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी आहे. नवरा म्हणतो, सोड, दहा-बारा डॉलर येतील फार तर. मी कोरी पावतीच जोडून पाठवणार आहे. सोबत चिठ्ठी: खिडकीपाशी तिरकी धरून बघा.