उशीर होऊ द्या, पण तो एकदाच सांगा

आज सकाळी विमान कंपनीकडून माझ्या तक्रारीला उत्तर आले. विलंब प्रतिकूल हवामानामुळे झाला, प्रवाशांना नियमानुसार अल्पोपाहार देण्यात आला होता आणि झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, एवढाच त्या पत्राचा आशय. मी मुलांचे डबे भरत होते. पोळीची गुंडाळी हातात तशीच धरून ते पत्र दोनदा वाचले. विमानाला उशीर झाला म्हणून मी तक्रार केलीच नव्हती. उशीर ज्या पद्धतीने आम्हाला सांगितला गेला, तिच्याबद्दल केली होती, आणि त्याविषयी पत्रात एक अक्षर नाही.

या प्रकाराविषयी मी आधीही लिहिले होते, पण ज्यांनी ते वाचले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मे महिन्यात म्हैसूर आणि उटी करून आम्ही बंगळूरहून दुपारच्या विमानाने बेळगावला परतणार होतो. सोबत सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई. उटीचा घाट उतरताना मुलीला उलट्या झाल्या होत्या, त्यामुळे आता पुन्हा रात्रभराची बस नको, तासाभरात सांबऱ्याच्या विमानतळावर उतरू आणि रात्रीचा वरणभात घरी खाऊ, यावर सगळ्यांचे एकमत होते. मोठ्या बॅगा काउंटरवर दिल्या, सुरक्षा तपासणी आटोपली आणि वळीव कोसळला. विजा कडाडत असताना विमान उडवू नये हे मलाही कळते. त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही.

पाऊस तासाभरात थांबला. शेजारच्या गेटांवरून माणसे जाऊ लागली. आमच्या गेटवरच्या फलकावर मात्र चाळीस मिनिटांचा उशीर दिसत होता. ती चाळीस मिनिटे संपत आली की आणखी चाळीस मिनिटे लागायची आणि ती सरली की पुन्हा पाऊण तास. संपूर्ण संध्याकाळ अशी हप्त्याहप्त्याने आमच्या पदरात पडली आणि प्रत्येक हप्ता हा शेवटचाच आहे अशा थाटात जाहीर होत होता.

मोठ्या माणसाला हे सोसते. तो चहा घेतो, मोबाइल पाहतो, चार शिव्या मनातल्या मनात देतो आणि बसतो. तीन वर्षांच्या मुलाचे घड्याळ झोप आणि भूक या दोनच गोष्टींवर चालते. पाच वाजताच कोणी मला सांगितले असते की विमान नऊनंतर सुटेल, तर मी त्याला एका कोपऱ्यात शालीवर झोपवले असते, सासूबाईंना पाय पसरायला जागा शोधली असती, मुलीला दहीभात भरवून तिला मोकळे हिंडू दिले असते. प्रत्यक्षात चाळीस मिनिटांत निघायचे म्हणून मी त्याला जागे ठेवत राहिले, कारण कच्च्या झोपेतून उठवलेले मूल विमानात काय करते हे आईला सांगावे लागत नाही. निघायचे नाही हे कळेपर्यंत त्याच्या झोपेची वेळ टळून गेलेली असायची. शेवटी तो रडून रडून माझ्या खांद्यावर झोपला, आणि त्याचा डोळा जरा लागतो न लागतो तोच गेट बदलल्याची घोषणा झाली. नवे गेट खालच्या मजल्यावर, जिथून बसने विमानापर्यंत नेतात तिथे. सासूबाईंना ज्या चाकांच्या खुर्चीतून आणले होते ती केव्हाच परत गेली होती. दुसरी येईपर्यंत मी एका खांद्यावर मूल, दुसऱ्या खांद्यावर दोन पिशव्या अशी उभी होते आणि मुलगी माझ्या ओढणीचे टोक धरून विचारत होती की आपण घरी आज जाणार की उद्या. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते ज्यांच्याकडे होते त्यांनी ते दिले नाही, आणि मला राग आहे तो याचा.

उत्तर त्यांच्याकडे होते, हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या मागे बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाने विमाने कुठे आहेत ते दाखवणारे ॲप उघडून मला दाखवले. जे विमान आम्हाला न्यायला येणार होते ते अजून हैदराबादला उभे होते. ते तिथून सुटणार, तासाभराने इथे उतरणार, माणसे उतरणार, सफाई होणार, इंधन भरणार आणि मग आम्ही चढणार. हा हिशेब कॉलेजातले पोर मोबाइलवर करू शकते, तर ज्यांच्या मालकीचे विमान आहे त्यांना तो येत नाही असे कसे मानायचे? एकच विमान दिवसभर चार गावे फिरते आणि सकाळी एका गावात झालेला खोळंबा संध्याकाळपर्यंत सगळीकडे पसरतो, हे त्या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत असते. बेळगावसारख्या गावांकडे येणाऱ्या शेवटच्या फेरीला त्यात सगळ्यांत जास्त सोसावे लागते.

नियमाचेही ऐका. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर अपेक्षित असेल तर प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते आणि उशीर सहा तासांपलीकडे जाणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक पर्याय द्यावा लागतो. आता चाळीस-चाळीस मिनिटांचे हप्ते या नियमाशेजारी ठेवून पाहा. मुलासाठी काहीतरी खायला मागायला गेले तेव्हा काउंटरवरून उत्तर मिळाले की अजून दोन तास पूर्ण झालेले नाहीत. एकूण उशीर सहा तासांच्या किंचित अलीकडे थांबला. योगायोग असेल. असेलही. अखेर जो अल्पोपाहार मिळाला तो म्हणजे हिरव्या मिरचीची चटणी लावलेले गार सँडविच. मुलीने एक घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून ते माझ्या हातात ठेवले. नियमानुसार!

२०२४ च्या जानेवारीत धुक्यामुळे दिल्लीला जाणारे विमान मुंबईत उतरवले गेले आणि कंटाळलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले, ती दृश्ये आपण सगळ्यांनी पाहिली होती. त्याच सुमारास महासंचालनालयाने विमान कंपन्यांना बजावले होते की उशिराची अचूक माहिती वेळच्या वेळी द्या, आणि उशीर तीन तासांवर जाणार असे दिसत असेल तर पुरेशा अवधीने विमान रद्द करण्याचीही मुभा आहे. म्हणजे माझी मागणी काही जगावेगळी नाही. ती कागदावर आधीपासूनच आहे.

त्या काउंटरवरच्या मुलीवर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण मागच्या वेळी लिहिले तेव्हा काहींनी तसा अर्थ घेतला. आम्ही आपापसांत मराठीत बोलतो हे ऐकून तीही मराठीत बोलू लागली, निपाणीकडची निघाली. "काकू, मलाही वरून तेवढंच कळवतात हो," असे म्हणून तिने स्वतःच्या बाटलीतले कोमट पाणी मुलाच्या दुधाच्या पावडरीसाठी ओतून दिले. शंभर माणसे तिच्यावर ओरडत होती आणि ज्यांनी तिला खरी वेळ सांगितली नव्हती ते कुठल्या तरी वातानुकूलित खोलीत होते. तिची ड्युटी संपून गेली असावी, तरी ती आम्ही बसमध्ये चढेपर्यंत तिथेच उभी होती.

माणसे चांगली भेटली, हे मान्य करायलाच हवे. गोकाकच्या एक आजी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून करदंटाचा डबा काढला, एक वडी मोडून मुलीला दिली आणि मुलाला मांडीवर घेऊन कानडीत चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगू लागल्या. त्याला कानडी अजून धड येत नाही, पण कावळ्याचा आवाज सगळ्या भाषांत सारखाच असल्यामुळे तो दहा मिनिटे गप्प होता. त्या दहा मिनिटांत मी तोंड धुऊन आले. सासूबाई आणि त्या आजी गुडघ्यांच्या औषधांवर अशा बोलत बसल्या की जणू एकाच गल्लीत नांदल्या आहेत.

आणि त्याच रांगेतल्या एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी, आम्हाला ऐकू जाईल इतक्या आवाजात, मुले सांभाळता येत नसतील तर त्यांना घेऊन फिरू नये असे मत मांडले. त्यांना मी तिथे काही बोलले नाही, इथे बोलते. मुलांचे तिकीट आम्ही काढलेले असते. दोन वर्षांवरील मुलाला स्वतंत्र आसन असते आणि त्याचे भाडे बहुतेकदा मोठ्या माणसाएवढेच पडते. ते सहा तास फलकाकडे पाहत शांत बसू शकत नाही, यात त्याचा दोष कुठे आला? ज्यांनी त्याला सहा तास बसवले त्यांच्याबद्दल या गृहस्थांकडे एक शब्द नव्हता. आपल्याकडे ही सवयच झाली आहे. व्यवस्थेला कोणी बोलत नाही, रडणाऱ्या पोराच्या आईला मात्र सगळे शिकवतात.

आमचे मामंजी म्हणतात की त्यांनी लाल गाडीने उभ्याने पंढरपूर गाठले आहे आणि तुम्हाला गारव्यात बसून सोसवत नाही. बरे, तसे म्हणा. पण लाल गाडी बंद पडली तर कंडक्टर खाली उतरून सांगायचा की दुसरी गाडी दोन तासांनी येईल, आणि लोक झाडाखाली शिदोऱ्या सोडायचे. कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट मानते: तीन तास सांगितले आणि विमान दोन तासांत तयार झाले तर पांगलेली माणसे गोळा करणे अवघड जाते. मग तीन तास सांगा आणि अडीच तासांनंतर जवळ राहा म्हणून सांगा. तेवढे मराठी, कानडी आणि इंग्रजी आम्हा सीमाभागातल्या लोकांना कळते.

त्या पत्राला मी आजच उत्तर पाठवणार आहे आणि विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठी सरकारने काढलेल्या एअरसेवा ॲपवरही तक्रार नोंदवणार आहे. माझ्याकडे त्या संध्याकाळचे सगळे संदेश वेळेसकट जपून ठेवलेले आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या कोणी मुलांना घेऊन अशी संध्याकाळ काढली असेल, त्यांनी आपले बोर्डिंग पास आणि उशिराचे संदेश पुसून टाकू नयेत. शक्य असेल तर त्यांचे स्क्रीनशॉट खाली कमेंटमध्ये टाका. पीएनआर आणि फोन नंबर तेवढे झाकून घ्या.