सर्वानुमते संशयित

दुसरा किंवा चौथा शनिवार आणि त्याला लागून आलेला रविवार एवढीच काय ती बँक कर्मचाऱ्याची हक्काची सुट्टी, आणि तीसुद्धा गेल्या आठवड्यात मी रत्नागिरीतील एका हॉटेलच्या खिडकी नसलेल्या सभागृहात आर्थिक गुन्हे प्रतिबंधाचे प्रशिक्षण घेत घालवली. एवढ्यावर भागले असते तर मी लिहायला बसलो नसतो. परंतु शनिवारी जेवणापूर्वी त्या सभागृहाने मला सर्वानुमते संशयित ठरवले, आणि हात वर करणाऱ्यांत शेजारच्या काउंटरवर बसणारा, माझ्या डब्यातील तळलेल्या बांगड्यावर वर्षानुवर्षे हक्क सांगत आलेला माझा सहकारीही होता.

प्रशिक्षक मुंबईहून आले होते आणि त्यांच्या पहिल्याच स्लाइडवर अल कपोन होता. हे प्रशिक्षण कोठेही असो, कपोन येतोच. वास्तविक त्याला १९३१ साली दोषी ठरवले गेले ते करचुकवेगिरीबद्दल, आणि मनी लाँडरिंगला, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याला, स्वतंत्र गुन्हा ठरवणारा अमेरिकेतील कायदा झाला १९८६ मध्ये. तरीही तो बिचारा आमच्या सहकारी बँकांच्या प्रशिक्षणात अजून हजेरी लावतो. त्यानंतर आपला २००२ चा कायदा, १ जुलै २००५ पासूनची त्याची अंमलबजावणी, दहा लाखांवरील रोख व्यवहारांचा अहवाल आणि काळ्या पैशाचे प्लेसमेंट (तो बँकेत घुसवणे), लेअरिंग (व्यवहारांचे थर चढवून माग पुसणे), इंटिग्रेशन (पांढरा म्हणून बाहेर काढणे) हे तीन टप्पे अशी गाडी रीतसर पुढे सरकली. मग प्रशिक्षकांनी विचारले, “संशयित ग्राहकाची भूमिका कोण करील?” कोणी हात वर केला नाही, फक्त सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. “या, तुम्ही शोभाल,” असे म्हणून त्यांनी मला पुढे बोलावले. ‘ग्राहकाच्या पेहरावावरून किंवा चेहऱ्यावरून मत बनवू नये’ ही स्लाइड त्यानंतर आली.

मी आंबा बागायतदार व्हायचे होते आणि मे महिन्यात लागोपाठ पाच दिवस एकोणपन्नास हजार पाचशे रुपये रोख भरायचे होते. एका दिवसात पन्नास हजारांच्या वर रोख भरायची तर पॅन लागायचा, हे कोकणातील ग्राहकांच्या वर्षानुवर्षे इतके अंगवळणी पडलेले आहे की त्या आकड्याच्या आसपास घुटमळणाऱ्या स्लिपा पाहून रोखपालाची पापणीही लवत नाही. चिपळूण शाखेच्या रोखपाल बाईंनी मला “पैसे कुठले?” असे विचारले, मी “आंब्याचे” असे म्हणालो, आणि प्रसंग तेथेच संपला असता. परंतु त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन हॉटेलचे चहावाले काका आत आले होते.

काका प्रथम माझ्या बाजूने होते. “साहेब, मधी बोलतो, राग नको,” अशी सुरुवात करून त्यांनी ट्रे प्रोजेक्टरच्या टेबलावर ठेवला. “आंब्याच्या पैशाला टॅक्सच नाय. मग हा मनुष्य लपवील कशाला? पॅनकार्ड घरी राहिलं असेल.” प्रशिक्षकांनी नम्रपणे सांगितले की शेती उत्पन्नाला प्राप्तिकर नाही म्हणूनच काळा पैसा शेतीचा म्हणून दाखवण्याचा मोह होतो. काकांनी हे क्षणभर मनात घोळवले, माझ्याकडे नव्या नजरेने पाहिले आणि चौकशी स्वतःच्या हाती घेतली.

“कलमं किती तुमची?”

मी प्रशिक्षकांनी दिलेल्या पाठकोऱ्या कागदावरील प्रसंगात शोधले. तेथे कलमांचा उल्लेख नव्हता. “बारा,” मी म्हणालो.

“बारा कलमांत पाच दिवसांत अडीच लाख? मोहोर कधी आला?”

“मार्चमध्ये.”

“मार्चात मोहोर नि मेच्या सुरुवातीला पैसे? ही काय कोथिंबीर आहे?” काकांचे ‘तुमची’ येथून ‘तुझी’ झाले. “फवारण्या किती मारल्यास? राखणीला कोण होता? वांदरांनी किती खाल्लंन? गेल्या वर्षी किती भरलेस?”

“तेवढेच,” मी बुडत्याच्या निर्धाराने म्हणालो.

“हापूस एक वर्षाआड धरतो, आणि तुझा दोन्ही वर्षं सारखाच?” काका सभागृहाकडे वळले. “वाशीच्या दलालाची पट्टी, विक्रीचा हिशेब, मागा याच्याकडे. पट्टी नाय तर आंबा नाय.”

सभागृहात टाळ्या झाल्या. मला मान्य केले पाहिजे की दोन दिवसांत झालेली ही एकमेव खरी तपासणी होती. प्रशिक्षकांच्या सव्वाशे स्लाइडींत ‘ग्राहकाचा व्यवसाय समजून घ्या’ हे वाक्य वारंवार येत होते, पण पट्टी कोठेच नव्हती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, तेव्हा ट्रॉलरमालक जुलैत ताज्या मासळीची म्हणून मोठी रोकड भरू लागला तर रोखपालाचे कान टवकारले पाहिजेत, हेही कोठे नव्हते. त्याऐवजी दुबईतील सोन्याचे व्यापारी आणि पनामातील कंपन्या होत्या, ज्यांच्यापैकी एकही आमच्या शाखेत पासबुक भरून घ्यायला अद्याप आलेला नाही.

पुढे मला बाहेर जायला सांगण्यात आले, कारण संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवताना ग्राहकाला त्याचा सुगावा लागू देणे कायद्याने निषिद्ध आहे. मी चहाच्या पिंपाजवळ उभा राहिलो. काका कप विसळत म्हणाले, “संशय तुझ्यावर, आणि सांगायचं तुला सोडून सगळ्यांना. आमच्या वाडीत हे रोजच चालतं, त्याला ट्रेनिंग लागतं?” आतून हात मोजण्याचा आवाज येत होता. “तुला बाहेर काढलंनी तेव्हाच ठरलं,” असे सांत्वनही त्यांनी केले.

गमतीचा भाग येथे संपतो, कारण सोमवारी शाखेत जी खरी माणसे समोर येतात त्यांत गंमत कमी असते. कमी जोखमीच्या ग्राहकाचे केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, दहा वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाचे आठ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्याचे दोन वर्षांनी नव्याने करायचे असते, आणि आमच्याकडे कमी जोखमीच्या म्हणजे मुलाने मुंबईहून पाठवलेल्या पैशांवर जगणाऱ्या सत्तरीच्या काकू. त्यांचे पासबुक माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या नावाचे आणि अंगठ्याचे ठसे भातलावणीत झिजलेले. त्यांना मी उन्हात दोनदा परत पाठवतो आणि त्या मला शिव्या देतात, ज्या मुख्य कार्यालयापर्यंत पोहोचत नाहीत. उलट ज्याचे खाते सायबर चोरांनी भाड्याने घेतलेले असते, त्या विशीतल्या पोराची कागदपत्रे आरशासारखी स्वच्छ असतात. फसलेला कोणीतरी दूर कोठेतरी १९३० या क्रमांकावर तक्रार करतो आणि खाते गोठवण्याचा आदेश आला की मुख्य कार्यालय मला विचारते की तुम्हाला संशय कसा आला नाही. दोन माणसांत तीन काउंटर सांभाळताना संशय नेमका किती वाजता घ्यायचा, यावर स्लाइड नव्हती.

रविवारी संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटून प्रशिक्षक गाडी गाठायला निघून गेले. मागे राहिले मुख्य कार्यालयाचे एक अधिकारी आणि चहा-नाश्त्याचे अठरा हजारांचे बिल. काकांना रोख हवी होती. एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांहून अधिक रोख दिली तर तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही, हे अधिकाऱ्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “नऊ-नऊ हजारांच्या दोन पावत्या करा. एकीवर कालची तारीख घाला.”

काकांनी पेन हातात घेतले आणि माझ्याकडे पाहिले. “साहेब, हा पयला टप्पा की दुसरा?”

अधिकाऱ्यांनी त्यांना फक्त एवढेच सांगितले की पाच हजारांच्या वरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, आता पावत्या दोन झाल्या आहेत, तेव्हा दोन्ही तिकिटे त्यांनीच आणावीत.