हर्णै बघायचं तर आधी तिथी बघा

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या हर्णै बंदरासमोर समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग त्यातलाच. तेव्हापासून 'हर्णैला एका दिवसात काय काय बघाल' छापाच्या रील्सना ऊत आलाय. होडीत बसा, किल्ल्यावर सेल्फी काढा, येताना स्वस्तात पापलेट घ्या. (स्वस्त? असो.) माझं म्हणणं एवढंच की यादीत किल्ला असला तरी तो ज्याच्यासाठी बांधला ते बंदर आहे, आणि बंदर अजून चालू आहे. ते चालताना बघितलं नाही तर सुवर्णदुर्ग म्हणजे पाण्यातले चार तट.

बंदर घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. त्याचं जुनं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला. द्वादशीला नऊ. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पक्ष कुठलाही चालतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत ठरवायला एवढं पुरतं. नेमकी वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतंच.

म्हणून जायचंच असेल तर दशमी ते द्वादशी गाठा. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती असते, होडी किल्ल्याला नीट लागते. त्या वेळी जमिनीकडून येणारा मतलई वारा संपत आलेला असतो आणि समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू व्हायचा असतो, त्यामुळे पाणी त्यातल्या त्यात शांत. दुपारी तेच पाणी उसळतं, आणि 'सकाळी तर काहीच नव्हतं' म्हणत लोक उलट्या करत परततात. पूर्ण ओहोटीला गेलात तर होडी लांब थांबते आणि शेवाळलेल्या खडकांवरून चालावं लागतं. पट्ट्याच्या चपला घाला, अंगठ्याच्या नकोत. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि पट्टे बांधा, नुसतं गळ्यात अडकवू नका. परतीची वेळ होडीवाल्याशी निघतानाच ठरवा. पाणी सोबत न्या.

किल्ल्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही. पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती बघून लोक आत पळतात. दोन मिनिटं तिथेच थांबून मागे वळून बघा. किल्ला आणि किनारा यांच्यामधला तो पाण्याचा पट्टा, जिथे आज मच्छीमार बोटी नांगरलेल्या दिसतात, तीच या जागेची खरी किंमत. किल्ला ताब्यात असलेल्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले तेव्हा, एप्रिल 1755 मध्ये, इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सने आधी समुद्राच्या बाजूने तोफा डागल्या. तट दाद देईना. मग त्याने जहाजं या आतल्या पट्ट्यात आणली आणि इथून मारा केला. आतल्या दारूगोळ्याने पेट घेतला आणि किल्ला पडला. पुढे जेम्सच्या बायकोने 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर नवऱ्याच्या स्मरणार्थ एक बुरूज बांधला. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. म्हणजे सुवर्णदुर्गच, इंग्रजी तोंडातला. तो अजून उभा आहे.

किनाऱ्यावरच्या तीन किल्ल्यांकडे कोणी फिरकत नाही. सुवर्णदुर्गाची राखण त्यांच्याशिवाय होत नव्हती. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. तिथून चारही किल्ल्यांची मांडणी एका नजरेत कळते, म्हणून होडीत बसण्याआधी तिथे चढा. फत्तेगडावर कोळी वस्ती आहे, तो बघायला मिळणारा किल्ला राहिलेला नाही, लोकांची घरं आहेत. दारात उभं राहून फोटो काढू नका. गोवा किल्ल्याला अर्धा तास पुरे.

आता किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव. हर्णैचा उतार इतका सपाट की मोठी बोट वाळूपर्यंत येतच नाही. ती खोल पाण्यात थांबते, माल छोट्या होडीत उतरतो आणि पुढे बैलगाडी पाण्यात शिरते. बैल पोटापर्यंत पाण्यात, गाडीत पाट्या आणि क्रेट. परत जाताना त्याच वाटेने बर्फ, डिझेल आणि रसद. द्वादशीला दुपारी तीनच्या सुमाराला ओहोटी असते, त्यामुळे संध्याकाळच्या लिलावाला गाड्या सगळ्यात लांब आत गेलेल्या दिसतात. फोटो सुंदर येतो यात वाद नाही. पण 'ही परंपरा जपली पाहिजे' असं कोणी लिहिलं की चिडायला होतं. चार वेळा हाताळलेल्या मासळीला दर कमी येतो, मधल्या वेळात बर्फ वितळतो, बैलांचे खूर खाऱ्या पाण्यात खराब होतात. पक्क्या जेट्टीची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. वादळात बोटींना अंजर्ल्याच्या खाडीत पळावं लागतं, आणि खाडीचं तोंड गाळाने इतकं भरतं की ओहोटीला आत शिरणारी बोट रुतते. हाही बंदराचा वारसाच आहे, फक्त रीलमध्ये बसत नाही.

लिलावात एक-दोन किलोवाल्याने बोली लावायची नसते. पाट्या व्यापारी आणि मासेवाल्या मावश्या उचलतात. मावशी माल घेऊन बसली, वाटे लावले, की मग तिच्याकडे जा. पापलेटचा कल्ला दाबा: पांढरट पाणी आलं तर ताजा, लालसर आलं तर पुढे चला. मोबाइल माशाशेजारी धरा. राज्याने पापलेटची किमान लांबी 135 मिलिमीटर ठरवलीय, म्हणजे मोबाइलपेक्षाही थोडी कमी. त्याहून लहान पापलेट कोणी 'कवळा आहे, छान लागतो' म्हणून दिला तर घेऊ नका. अंडी घालायच्या आधीच धरलेला मासा असतो तो. पुण्या-मुंबईला न्यायचा असेल तर मासळीएवढाच बर्फ घ्या, खाली-वर थर द्या आणि डब्याला तळाशी भोक ठेवा. वितळलेल्या पाण्यात पडून राहिलेला मासा घरी पोचेपर्यंत लिबलिबीत होतो आणि शिव्या मावशीला बसतात.

आणि गाडी वाळूवर उतरवू नका. कोरडी दिसणारी वाळू खाली ओली असते, चाक फिरलं की बसत जातं, ॲक्सिलरेटर दाबला की आणखी. भरती सुरू झाली की तासाभरात पाणी दाराशी. मग लिलाव सोडून वीस माणसं तुमची गाडी ढकलत बसतात.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, किल्ल्यावरच्या होड्याही पावसाळ्यात बंद. तेव्हा गेलात तर बोटी वर ओढलेल्या असतात आणि त्यांची पाण्याखालची अर्धी बाजू बघायला मिळते, जी एरवी दिसत नाही. लाकडी बोट असेल तर फळ्यांच्या सांध्यांवरून हात फिरवून बघा. मालकाला विचारून.