शिक्षा देणाऱ्यांनी सत्कार करावा का?

समलिंगी व्यक्तींच्या समान हक्कांसाठी धैर्याने लढलेल्यांचा सत्कार चर्चने करावा का, यावरून काल कट्ट्यावर चांगलीच जुंपली. ज्या धर्मसंस्थांनी या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या पापी ठरवले, त्यांनीच आता त्यांच्या धैर्याचे गोडवे गावेत, हे मास्तरांना घर जाळून वर पाण्याची बादली पुढे करण्यासारखे वाटत होते.

"सगळ्यांना एका माळेत ओवू नका, मास्तर," वकीलसाहेब म्हणाले. अमेरिकेतील युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट या उदारमतवादी धार्मिक संघटनेने असा भेदभाव संपवण्याचा ठराव १९७० सालीच केला होता, याची त्यांनी आठवण करून दिली. पुढे ज्यांच्या खटल्यामुळे मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाले, त्या गुडरिज जोडप्याचे लग्न १७ मे २००४ रोजी, म्हणजे परवानगी लागू झाली त्याच दिवशी, बॉस्टनमधील या संघटनेच्या मुख्यालयात तिचे अध्यक्ष विल्यम सिंकफर्ड यांनी लावले. अशा संस्थेला सत्काराचा अधिकार नसेल, तर तो कोणाला असेल, असा त्यांचा सवाल होता.

मास्तरांनी लगेच मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे उदाहरण पुढे केले. पेनसिल्व्हेनियातील पाद्री फ्रँक शेफर यांनी २००७ मध्ये स्वतःच्या समलिंगी मुलाचे लग्न लावले, एवढ्यावरून त्यांच्यावर चर्चमध्ये खटला चालला. यापुढे नियम पाळण्याची हमी द्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून डिसेंबर २०१३ मध्ये त्यांचे पाद्रीपद काढून घेण्यात आले. जून २०१४ मध्ये ते परत मिळाले खरे, पण अपिलात शिक्षा फिरली म्हणून. चर्चचा नियम होता तसाच राहिला, आणि मला मास्तरांचा हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटला. नियम शाबूत ठेवून केलेला सत्कार फार तर एका माणसापुरता असतो.

एरवी ऐकत बसणारे अण्णा या वेळी बोलले. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये जीन रॉबिन्सन यांचा नोव्हेंबर २००३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याचे बिशप म्हणून दीक्षाविधी झाला, तेव्हा जिवे मारण्याच्या धमक्यांमुळे त्यांना धार्मिक वस्त्रांच्या आत बुलेटप्रूफ जॅकेट घालावे लागले होते. ते समलिंगी आहेत हे उघड माहीत असूनही तेथील पाद्री आणि भाविकांनी त्यांना मते दिली, तेव्हा त्या साध्या मतदारांचेही धैर्य मोजा, असे अण्णांचे म्हणणे पडले.

"आणि मेथडिस्टांनीही २०२४ मध्ये समलिंगी विवाह लावण्यावरची बंदी उठवलीच ना?" वकीलसाहेबांनी धागा पुन्हा पकडला.

"उठवली, पण त्याआधी अमेरिकेतील त्यांची जवळपास चौथा हिस्सा चर्च बाहेर पडली होती. विरोधक निघून गेल्यावर बाजूने मत द्यायला धैर्य कसले लागते?"

यावर वकीलसाहेब चिडले. हजारो चर्च सोडून जाताना दिसत असूनही जे मागे हटले नाहीत, त्यांनी काहीच गमावले नाही असे कसे म्हणता, असे त्यांनी विचारले. मास्तरांनी तेवढे मान्य केले. मात्र सत्काराच्या व्यासपीठावरून शेफर यांच्याविरुद्धचा निकालही वाचून दाखवावा, ही अट त्यांनी सोडली नाही.