‘डेंटलला कॉलेज कुठलंही चालतं’ म्हणे!

प्रवेशाचे दिवस जवळ आले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. मजकूर साधारण असा: ‘डेंटलची डिग्री सगळीकडे सारखीच. कॉलेज निवडताना रँकिंग बघा, मशिनं बघा, निकाल बघा. हात काय, प्रॅक्टिसमध्ये बसतोच. प्रत्यक्ष जायचीही गरज नाही, व्हिडिओ टूर पुरे.’ खाली जोडलेले दोन हात.

विद्यार्थ्यांच्या क्लिनिकमध्ये शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा मेसेज पुढे पाठवायला बोट काही धजेना.

‘हात नंतर बसतो’ हे आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. एअरोटर म्हणजे दात कोरायचं यंत्र, आणि त्याचं बर, म्हणजे कोरणारं टोक, मिनिटाला ३ लाखांहून जास्त फेरे घेतं. दात हिरडीतून वर येतो तोवर इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, बनवणाऱ्या पेशी संपलेल्या असतात, म्हणजे जास्तीचं कापलं गेलेलं इनॅमल परत येत नाही. तुमचा हात बसेपर्यंत तो ज्यांच्या दातांवर बसणार, त्यांनी काय करायचं?

बरं, हात चुकीचाही बसतो. वरच्या दाढेचं काम आरशात बघून करायचं असतं आणि आरशात दिशा उलटी दिसते. नवशिका विद्यार्थी पाच मिनिटं झगडतो, मग हळूच आरसा बाजूला ठेवून मान वाकडी करून थेट तोंडात डोकावतो. अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली असायला हवी, ती हवेत असते. मागून कुणी खांद्यावर टिचकी मारून ‘आरसा उचल’ म्हणालं तर ठीक. नाही म्हणालं तर ती वाकडी मान त्याला पुढची तीस वर्षं पुरते, पाठदुखीसकट.

रूट कॅनलचंही तेच. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, म्हणून विद्यार्थी तीन कॅनल, म्हणजे मुळांतल्या नळ्या, शोधतो आणि खुशीत येतो. पण गालाकडच्या पुढच्या मुळात अर्ध्याहून जास्त वेळा आणखी एक कॅनल असतो, बारीक आणि लपलेला. तो राहिला तर दाढ पुन्हा दुखायला लागण्याची शक्यता राहते. पुस्तकात हे लिहिलेलं असतंच. पण तो कॅनल सापडतो तो, शिक्षक हातमोजे घालून शेजारी बसतात आणि ‘इथे जरा खरवड’ म्हणतात तेव्हा. कॉलेजात शिक्षक दोन प्रकारचे असतात, बसणारे आणि उभ्या उभ्या सही करणारे. कुठल्या प्रकारचे जास्त आहेत हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आता रँकिंग. विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या क्यूएस या संस्थेच्या जगभर गाजलेल्या विषयवार यादीत दंतवैद्यक आहे. तिथे मोठं वजन असतं संस्थेच्या नावलौकिकाला आणि संशोधनाचे दाखले किती दिले गेले त्याला. पीएचडी करायची असेल तर ती यादी जरूर बघा. पण शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने किती दाढा काढल्या, हे ती यादी मोजत नाही.

मशिनं असावीत, माझी काही तक्रार नाही. फक्त ती कोण वापरतं हे विचारा. स्कॅनर, मिलिंग मशीन, थ्रीडी एक्स-रे हे पुष्कळदा पदव्युत्तर विभागात असतं, आणि पदवीचा विद्यार्थी दारातून बघतो. फँटम हेड, म्हणजे सरावाची डोकी, प्रत्येकाला एक मिळतात का, हा त्याहून कामाचा प्रश्न. अर्थात त्या डोक्यांना लाळ नसते, जीभ मध्ये येत नाही आणि सुई बघून ती दचकत नाहीत. म्हणून शेवटी सगळं येऊन थांबतं पेशंटवर.

आणि इथे कोट्याची गंमत कळायला हवी. बऱ्याच ठिकाणी इतक्या फिलिंग, इतक्या कवळ्या अशी संख्या पूर्ण करावी लागते. पूर्ण कवळीला साधारण पाच भेटी लागतात: पहिलं माप, दुसरं माप, जबड्यांचा मेळ, मेणातली चाचणी, मग कवळी. पेशंट तिसऱ्या भेटीला आलाच नाही तर केस गेली. जिथे ओपीडी रिकामी, तिथे विद्यार्थी नातेवाईकांना गळ घालून आणतात आणि एकाच्या केसवर दोघे नावं लावतात. कागदावर कोटा पूर्ण, हातात निम्मा. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या मुलांना ‘कोटा किती’ हे विचारू नका. ‘पेशंट कुठून आणलेस, आणि कवळी दिल्यावर तो पुन्हा दाखवायला आला का’ हे विचारा. उत्तराआधीचं हसू बघूनच बरंचसं कळेल.

‘निकाल शंभर टक्के’बद्दल एवढंच, की आतल्या परीक्षेचा निकाल कॉलेजच लावतं.

डिग्री सगळीकडे सारखी असती तर देशोदेशीच्या नियामकांना वेगळ्या परीक्षा घ्याव्या लागल्या नसत्या. परक्या देशाची पदवी घेऊन ब्रिटनमध्ये नोंदणी करायची तर अनेकांना ओआरई ही दोन भागांची परीक्षा द्यावी लागते. तिच्या दुसऱ्या भागात कृत्रिम दातांवर प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं, तिथे घोकंपट्टी कामाला येत नाही. अमेरिकेत परदेशी पदवीधरांना बहुतेक राज्यांत तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेत आणखी दोन-तीन वर्षं शिकावं लागतं. म्हणून जिथे प्रॅक्टिस करायची तिथला नियामक ही पदवी मानतो का, हे फी भरण्याआधी त्या नियामकाच्याच यादीत तपासा. कॉलेजच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

राहिली व्हिडिओ टूर. त्यात खुर्च्या चकाचक असतात, कारण त्यांवर कुणी बसलेलं नसतं. कामाच्या दिवशी सकाळी अकराला जा आणि पेशंटच्या बाकावर तासभर बसा. किती खुर्च्या भरल्यात ते मोजा. दोन पेशंटच्या मध्ये हँडपीस, म्हणजे डॉक्टरच्या हातातलं कोरायचं यंत्र, बदलला जातो की नुसता पुसला जातो, ते दिसलं तर बघा. रूट कॅनल चालू असेल तर दाताभोवती रबर डॅम लावलाय का, तेही. लाळ दूर ठेवणारं ते साधं रबराचं फडकं १८६४ पासून उपलब्ध आहे. दीडशेहून जास्त वर्षांनीही ते कपाटात पडून असेल, तर कपाटाशेजारचा नवा स्कॅनर बघून हुरळायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.